कार्डाचा शेअर, खाणीचा शेअर आणि एकच फूटपट्टी



मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला. इंदूरहून आला, बेळगावहून आला, बडोद्याच्या एका ताईंनी विचारला आणि सिकंदराबादला स्थायिक झालेल्या एका सुभेदार साहेबांनी तर शेअरांची यादीच लिहून पाठवली. मतितार्थ असा : क्रेडिट कार्ड कंपनीचा पी-ई तीस-चाळीस दिसतो, पोलाद किंवा कोळशाच्या कंपनीचा सहा-सात दिसतो. दोन्ही नावाजलेल्या कंपन्या आहेत. मग जे स्वस्त आहे ते घ्यावं, बरोबर ना?

बरोबर नाही. निदान एवढ्याच कारणावरून तर नाहीच.

मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, हे आधी सांगून टाकतो. आज जी नावं येतील ती धंदा समजावून घेण्यासाठी. हे घ्या, ते विका असा त्यांचा अर्थ काढू नका.

हा प्रश्न मला बाकीच्यांपेक्षा जड का वाटला तेही सांगतो. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण नुकते निवृत्त झालेले आहेत. फौजेतला माणूस बाहेर पडतो तेव्हा पुष्कळदा चाळिशीतच असतो. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, कम्युटेशन अशी मोठी रक्कम एकदम खात्यात येते. यातलं कम्युटेशन अनेकांना बोनससारखं वाटतं. प्रत्यक्षात आपण पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग सरकारला विकलेला असतो आणि पुढची पंधरा वर्षं पेन्शन कापूनच हातात येते. म्हणजे तो पैसा आपल्याच उद्याच्या भाकरीतून आगाऊ उचललेला. असा पैसा फक्त पी-ई बघून लावणं म्हणजे नकाशावर पट्टीनं अंतर मोजायचं, उंचीच्या रेषा वाचायच्या नाहीत आणि पलटण चालायला काढायची. कागदावर चार किलोमीटर दिसतात. मध्ये डोंगर असतो.

नवीन मंडळींसाठी एका वाक्यात : शेअरच्या किमतीला एका शेअरमागच्या वर्षभराच्या नफ्यानं भागलं की पी-ई मिळतो. म्हणजे त्या आकड्यात "वर्षभराचा नफा" हा शब्द दडलेला आहे. कोणतं वर्ष, हे मात्र तो सांगत नाही. सगळी मेख तिथे आहे.

आता कार्डाकडे या. समजा बडोद्याला मांडवीतल्या एका दुकानातून तुम्ही हजार रुपयांची साडी घेतली आणि क्रेडिट कार्ड पुढे केलं. दुकानदाराच्या हाती पूर्ण हजार पडत नाहीत. ठरलेलं कमिशन कापलं जातं, त्याला एमडीआर म्हणतात. हिशेबाला सोपं जावं म्हणून दोन टक्के धरू, म्हणजे वीस रुपये. या विसात तीन वाटेकरी. सगळ्यात मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा. दुसरा दुकानात मशीन बसवणाऱ्या बँकेचा. तिसरा वाटा अगदी लहान, आणि तो कार्डाच्या कोपऱ्यात ज्याचं चिन्ह असतं त्याचा : व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे.

गंमत अशी की सर्वांत लहान वाटा घेणारा सर्वांत निर्धास्त असतो. साडीचे पैसे तुम्ही बुडवलेत तर व्हिसाचं काही जात नाही, कारण कर्ज तिनं दिलेलंच नाही. ती टोलनाका चालवते. ट्रकमधला माल कोणाचा, पुढे तो विकला गेला की सडला, याच्याशी नाक्याला कर्तव्य नसतं. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात व्हिसाचं उत्पन्न ३६ अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि सगळे खर्च, सगळे कर जाऊन नफा २० अब्जांच्या जवळ. शंभरातले पन्नासहून जास्त शिल्लक! किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला हा आकडा सांगून बघा, तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

हा नाका उभा राहायला वेळ लागला. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात साठ हजारांच्या आसपास लोकांना, त्यांनी मागितलेली नसताना, टपालानं कार्डं पाठवली. सुरुवातीला लबाडी आणि थकबाकी यांनी बँकेला चांगलाच फटका बसला. पुढे ते कार्ड अनेक बँकांच्या सामायिक मालकीत गेलं, १९७६ मध्ये त्याला व्हिसा हे नाव मिळालं, आणि मार्च २००८ मध्ये, अमेरिकेतल्या मोठमोठ्या वित्तसंस्था डळमळत असताना, व्हिसाचे शेअर ४४ डॉलरला विक्रीला आले. मास्टरकार्ड त्याआधी दोन वर्षं, २००६ मध्ये, ३९ डॉलरला आलं होतं.

आता भारतात बघू, कारण गफलत इथेच होते. या तीन टोलनाक्यांपैकी एकाचाही शेअर मुंबईच्या बाजारात मिळत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड न्यूयॉर्कला आहेत. रुपे आणि यूपीआय चालवते ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. तिची मालकी बँकांकडे आहे, बाजारात ती नोंदलेली नाही. आपल्याकडे "कार्ड कंपनी" म्हणून लोक जो शेअर घेतात तो एसबीआय कार्डचा. आणि ती कंपनी टोलनाका नाही, सावकार आहे. नियमात राहणारी, पावती देणारी, पण सावकार.

या धंद्यात गिऱ्हाइकांच्या दोन जाती. एक, दर महिन्याला बिल पुरतं भरून टाकणारा. दुसरा, थोडं भरून बाकीचं पुढे ढकलणारा. या दुसऱ्याला त्यांच्या भाषेत रिव्हॉल्व्हर म्हणतात. मी पहिल्यांदा एका वार्षिक अहवालात "रिव्हॉल्व्हरचं प्रमाण" असा उल्लेख वाचला तेव्हा क्षणभर शस्त्रागाराचा तक्ता वाचतोय असंच वाटलं. तर या रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज पडतं, वर्षाला चाळीसच्या वर. कंपनीची मोठी कमाई त्याच्यावर होते. आणि नोकरी गेली, धंदा बसला की सगळ्यात आधी थकतोही तोच. या कर्जाला तारण नसतं. ना सोनं, ना घर. विकून वसूल करावं असं हातात काही नाही.

म्हणून या शेअरचा इतिहास टोलनाक्यासारखा सरळ नाही. मार्च २०२० मध्ये तो ७५५ रुपयांना विक्रीला आला. अर्जांचा पाऊस पडला. १६ मार्चला बाजारात नोंद झाली ती ६६० च्या आसपास, कारण तोवर कोविडची धास्ती येऊन पोहोचली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तोच शेअर अकराशेच्या पुढे होता. पुढच्या काळात तो उतरत गेला. २०२३-२४ मध्ये नफा साधारण २,४०० कोटी होता, २०२४-२५ मध्ये १,९०० कोटींवर आला. लोकांनी कार्डं वापरायची थांबवली होती का? मुळीच नाही. बुडणाऱ्या उधारीसाठी बाजूला काढायची रक्कम फुगली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण कर्जांवरची पकड घट्ट केली होती : अशा प्रत्येक कर्जामागे संस्थेनं स्वतःचं भांडवल पूर्वीपेक्षा जास्त बाजूला ठेवायचं. देशाला हे चांगलंच होतं. शेअरहोल्डरला ते महाग पडलं.

सावकाराचा शेअर घेताना तिमाही निकालात नफ्याच्या आधी दोन ओळी शोधा. थकबाकीसाठीची तरतूद वाढते आहे का, आणि रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकांचं प्रमाण कोणत्या बाजूला सरकतं आहे. नवी कार्डं किती वाटली हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात येतो. मला त्याची उलट भीतीच वाटते. कारण सहा महिन्यांत भराभर वाटलेल्या कार्डांतली खराब कार्डं कळायला वर्ष-दीड वर्ष जावं लागतं.

"पण सर, देश डिजिटल होतोय, पेमेंटच्या कंपन्या वाढणारच," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. चहाच्या टपरीवर कोड लावलेला असतो हे खरंच आहे. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर एमडीआर शून्य आहे. रस्ता मोठा झाला, गाड्या वाढल्या आणि टोल माफ! सामान्य माणसाचं यात भलं आहे, मी स्वतः भाजीसुद्धा यूपीआयनंच घेतो. पण व्यवहार वाढले म्हणजे कोणाचा तरी नफा वाढलाच असेल, हे गणित इथे लागू पडत नाही. आणि खऱ्या टोलनाक्यालाही वर पोलीस असतो. व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची हा नियम पाळला नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे भारतीय ग्राहक घ्यायला मनाई केली. ती उठायला जवळजवळ एक वर्ष लागलं.

खाणीकडे जाण्याआधी लासलगावला एक चक्कर मारू. एका वर्षी कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात नाशिकपासून सोलापूरपर्यंत जो तो कांदा लावतो. माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. शेतकरी कितीही कष्टाळू असो, भाव त्याच्या हातात नसतो. आणि भाव फारच चढला तर सरकार आडवं येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. पोलाद, जस्त, ॲल्युमिनियम यांची चाल हीच. फरक इतकाच की कांदा चार महिन्यांत निघतो, पोलादाची नवी भट्टी उभी राहायला काही वर्षं जातात. म्हणून तेजी लांबते आणि मंदीही लांबते. कांदा कळलेल्या माणसाला पोलाद कळायला वेळ लागू नये.

आता आकडे घेऊ. टाटा स्टीलचा एकत्रित नफा २०२०-२१ मध्ये ८ हजार कोटींच्या थोडा वर होता. २०२१-२२ मध्ये तो ४१,७४९ कोटी झाला. कोविडनंतर जगभर पोलादाचे भाव उसळले होते. मार्च २०२२ अखेर शेअर १,३०० रुपयांच्या आसपास, एका शेअरमागे नफा सव्वातीनशेच्या वर. पी-ई जेमतेम चार. "टाटांचा शेअर आणि चारचा पी-ई, आता नाही घ्यायचा तर कधी?" असे निरोप तेव्हा व्हॉट्सॲपवर रोज फिरत होते.

मे महिन्यात सरकारनं पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं. महागाई आटोक्यात ठेवायची होती. नोव्हेंबरात ते काढलं, पण तोवर वारं फिरलं होतं. युरोपातली मागणी थंडावली, भट्टीला लागणारा कोळसा महाग झाला. २०२२-२३ चा नफा पुन्हा ८ हजार कोटींवर आला. २०२३-२४ मध्ये तर ४,९०० कोटींचा तोटा; ब्रिटनमधल्या जुन्या भट्ट्या बंद करण्याचा खर्च त्यात धरलेला होता.

मधल्या काळात एका शेअरचे दहा शेअर झाले, म्हणून जुने १,३०० म्हणजे नवे १३०. मार्च २०२३ मध्ये शेअर १०५ च्या आसपास होता आणि पी-ई चौदा-पंधरा. किंमत उतरली तरी पी-ई तिपटीहून जास्त वाढला! आणि खरी मौज पुढे आहे. तोट्याच्या वर्षात, म्हणजे पी-ई मोजताच येत नाही अशा वर्षाच्या शेवटी, शेअर दीडशेच्या वर होता.

उलटा हिशेब आहे हा. मालाचे भाव शिखरावर असतात तेव्हा नफा शिखरावर असतो, आणि भागाकारात नफा खाली असल्यामुळे पी-ई तळाशी दिसतो. बाजार काही आंधळा नसतो. हा नफा टिकणार नाही हे ओळखूनच तो चारच्या वर किंमत देत नसतो. आपण मात्र त्याला "स्वस्त" म्हणतो.

मग मोजायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. चांगली-वाईट सगळी वर्षं धरून सरासरी नफा काढायचा. वर दिलेल्या चार वर्षांची बेरीज केली, तोटा वजा केला, तर सरासरी साधारण १३ हजार कोटी येते. मार्च २०२२ ला कंपनीची बाजारातली एकूण किंमत दीड लाख कोटींच्या वर होती. भागून बघा, पी-ई बाराच्या आसपास येतो. कोणी म्हणेल की पुढची दोन वर्षं तेव्हा कोणाला दिसत होती? खरं आहे. पण मागची दहा दिसत होती, आणि त्यांत तोट्याची वर्षंही होती. ती धरली असती तर आकडा बाराच्याही बराच वर गेला असता. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. झारखंड-ओडिशातल्या स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी ही तिची मोठी ताकद आहे. पण चांगली कंपनी चुकीच्या फूटपट्टीनं मोजली तर चुकीच्याच किमतीला घेतली जाते.

सरासरीबरोबर दोन गोष्टी बघायच्या : कर्ज किती आणि एक टन माल काढायला खर्च किती. भाव पडतात तेव्हा ज्याचा टनामागचा खर्च सर्वांत कमी तो तग धरून राहतो. राजस्थानात भिलवाड्याजवळच्या रामपुरा आगुचाची जस्ताची खाण किंवा छत्तीसगडमधलं बैलाडिलाचं लोहखनिज यांना बाजार मान देतो तो यासाठी. ज्याचा खर्चही जास्त आणि डोक्यावर कर्जही जास्त, त्याच्याकडे मंदीत बँकेचा माणूस आधी पोहोचतो.

सरकार आडवं येतं ते फक्त पोलादाला असंही नाही. १ जुलै २०२२ ला देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसला. पुढे तो कमीजास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. तेलाचा भाव वाढला म्हणजे तेल काढणाऱ्या कंपनीचा नफा तेवढाच वाढला, हे गृहीत धरणाऱ्यांचा हिशेब त्या वर्षी चुकला. आणि जे शेअरऐवजी थेट तेलाचे वायदे घेतात, त्यांनी २० एप्रिल २०२० चा दिवस विसरू नये. अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला आणि आपल्या एमसीएक्सवर त्या महिन्याचा हिशेब पिंपामागे उणे २,८८४ रुपयांना झाला. स्वस्त म्हणून घेतलेल्या मालासाठी वर पैसे मोजावे लागले! निवृत्त माणसानं वायद्यांच्या वाटेला जाऊ नये, यावर माझं मत पक्कं आहे, चर्चा नको.

कोळसा थोडा वेगळा. कोल इंडिया आपला बराचसा कोळसा वीज कंपन्यांना करारानं, स्वतः जाहीर केलेल्या दरानं विकते, आणि लिलावात जातो तो भाग कमी. चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या लोकांना हे सांगायला नको, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपूरलाच आहे. म्हणजे हा अर्धा कांदा आणि अर्धं सरकारी खातं. ऑक्टोबर २०१० मध्ये शेअर २४५ ला विकला गेला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तो १२० च्याही खाली होता. २०२४ मध्ये पाचशेच्या वर. दरम्यान लाभांश भरपूर मिळाला, जानेवारी २०१४ मध्ये तर एकाच वेळी शेअरमागे २९ रुपये. दहा वर्षं किंमत निम्मी झालेली बघत बसायची तयारी असेल त्यालाच हा शेअर पेलतो. लाभांशावर एप्रिल २०२० पासून आपल्याच उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, तोही धरावा.

सुभेदार साहेबांच्या यादीत कार्ड आणि पोलाद दोन्ही होते, "एक पडला तर दुसरा सावरेल" अशा विचारानं. मार्च २०२० मध्ये दोन्ही पडले. मंदीत माणसाचं बिलही थकतं आणि पोलादाची मागणीही थांबते. उलट २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर मालाचे भाव चढले, महागाई वाढली, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. कार्ड कंपनीकडे बचत खात्यांच्या ठेवी नसतात, ती स्वतः उसने घेऊन उधार देते. तिचं उसनं महागलं, आणि गिऱ्हाइकाकडून घ्यायचं व्याज आधीच इतकं चढं की आणखी वाढवायला जागा नाही. एकाच दोरीला बांधलेली ही दोन माणसं. कधी बरोबर घसरतात, कधी एक दुसऱ्याला खेचतो.

रक्कम किती लावावी? फौजी पेन्शनला महागाई भत्ता आहे, त्यामुळे आपल्याकडे एक भक्कम रोखं आधीच आहे असं समजा. खाजगी नोकरीतून पेन्शनशिवाय निवृत्त झालेल्यांनी आपली नक्कल करू नये. २००८ मध्ये टाटा स्टीलचा शेअर एका वर्षात तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला होता. अशा शेअरात एवढीच रक्कम असावी की ती चौथाईवर आली तरी घरखर्च, मुलीची फी आणि कर्जाचा हप्ता यांतलं काही हलणार नाही. आणि कम्युटेशनची रक्कम एका दिवसात लावायची नाही. दोन-तीन वर्षांत, हप्त्याहप्त्यानं.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांना खरा टोलनाकाच हवा आहे. भारतातून व्हिसा किंवा मास्टरकार्डचे शेअर कायदेशीरपणे घेता येतात, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. एका वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस आधी कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता होतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, नफा झाला असो वा नसो. अमेरिकेत लाभांशातून २५ टक्के कर तिथेच कापतात.

आणि एक गोष्ट शेअर विकणारी ॲप्स ठळकपणे सांगत नाहीत. अमेरिकेत वारसा कर आहे. तिथले नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या मृत्यूच्या वेळी अमेरिकी शेअर साठ हजार डॉलरच्या वर असतील, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. याबाबत भारत आणि अमेरिका यांच्यात करार नाही, त्यामुळे सूटही नाही. साठीच्या पुढे असाल तर परदेशी खात्यातली रक्कम या रेषेच्या आत ठेवा. त्या खात्याचा नंबर आणि नॉमिनीचा कागद तुमच्या पेन्शनच्या पीपीओबरोबर एकाच फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कोणत्या कपाटात आहे ते घरात दाखवून ठेवा.